तिसऱ्या पायरीवरून

रोझ हिल जिमच्या तिसऱ्या पायरीवर मी बसलोय. अंगात लाल स्वेटर, शेजारी मरून टोपी घातलेली माझी लेक. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातलं फोर्डम तिचं विद्यापीठ, आणि हे जिम तिथलंच. आज पाहुणा संघ डेटन विद्यापीठाचा आहे, म्हणजे माझ्या गावचा. ओहायोतल्या त्या गावात मी वीस वर्षं राहतोय आणि हिवाळा आला की बास्केटबॉलच्या सामन्यांना जातोय. लेक इथे शिकायला आली, म्हणून हे कोर्ट आज पहिल्यांदा बघायला मिळतंय.

आणि ते इतकं जवळ आहे! डेटनचा एक पोरगा बाजूच्या रेषेपाशी वाकून बुटाचे तळवे हाताने पुसतोय. एक पुसून झाला, आता दुसरा. तळहातावरची काळपट धूळ तो चड्डीला झटकतो. त्याच्या मनगटावरची चिकटपट्टी एका टोकाला सुटलीये, तीही मला दिसते. याच पोराला मी आमच्या गावात डझनभर वेळा पाहिलंय, पण तिथे तो मला पाठीवरच्या आकड्यावरून ओळखू यायचा.

फोर्डम आणि डेटन दोघंही विद्यापीठ-संघांच्या अटलांटिक १० या गटात १९९५ साली आले. ड्यूक, केंटकी अशी बडी नावं या गटात नाहीत. त्यातला एखादा संघ मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत पुढे गेला की सगळा देश दोन दिवस कौतुक करतो, एवढंच. कोर्ट सगळीकडे तेच, ९४ फूट लांब, ५० फूट रुंद, रिंग १० फुटांवर. भोवतालच्या इमारती मात्र एकमेकींच्या नात्यातल्याही वाटत नाहीत.

डेटनची इमारत १९६९ची, ग्रेट मायामी नदीच्या काठची. खुर्च्या १३,४०७. कोर्ट जमिनीच्या पातळीखाली आहे. आत शिरलं की एखाद्या बारवेच्या काठावर उभं राहिल्यासारखं वाटतं, चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेल्या आणि तळाशी पाण्याऐवजी पिवळं चकचकीत लाकूड. दीड लाखही वस्ती नसलेलं गाव जानेवारीच्या गोठवणाऱ्या रात्री ती बारव काठोकाठ भरतं. राष्ट्रीय स्पर्धेचे सर्वांत जास्त सामने याच छताखाली झालेत. २०१२ साली ओबामा ब्रिटनच्या पंतप्रधानांना, डेव्हिड कॅमेरून यांना, सामना दाखवायला इथेच घेऊन आले होते. आणि २०२० साल आम्ही कोणीच विसरलेलो नाही. आमचा संघ २९ सामने जिंकला होता, हरला फक्त दोन, गटात तर एकही नाही. आमचा ओबी टॉपिन विद्यापीठ-संघांमधला देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि मार्चमध्ये कोविडच्या साथीमुळे राष्ट्रीय स्पर्धाच रद्द झाली. माझे एक शेजारी, सत्तरीचे गृहस्थ, त्या आठवड्यात फाटकाशी येऊन उभे राहिले आणि काही न बोलता परत गेले.

आमच्या गटातल्या इतर कोर्टांपैकी रिचमंडचं सीगल सेंटर मी एकदाच पाहिलंय. साडेसात हजारांचं आहे. तिथल्या बँडचा दणका दुसऱ्या दिवशीही कानात होता. याच गटातल्या सेंट बोनाव्हेंचरच्या कोर्टला जायचं राहिलंय.

हे रोझ हिल १९२५चं. माणसं बसतात ३,२००. बांधलं तेव्हा ते एवढं प्रशस्त वाटलं होतं, की लोक त्याला ‘प्रेअरी’ म्हणू लागले, म्हणजे माळरानच. आज त्या माळरानाच्या एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल. डेटनमध्ये आवाज एकसंध येतो, धरणाचे दरवाजे उघडल्यासारखा, आणि त्यात माणूस बुडून जातो. इथे प्रत्येक आवाज सुटा आहे. बुटांची कर्कश चीं, प्रशिक्षकाचं ‘हात वर! हात वर!’, बेंचवरून कोणीतरी आपटलेली पाण्याची बाटली. मागे मुलं पाय आपटतायत आणि ती थरथर माझ्या मांडीपर्यंत पोचते.

नागपूरला आम्ही सिमेंटच्या कोर्टवर खेळायचो. बघणारे रेषेला खेटून उभे असायचे आणि बाहेर गेलेला चेंडू तेच आत फेकायचे. इतक्या वर्षांनी खेळ तसा जवळून बघायला आज मिळालाय.

इमारत म्हणून विचाराल तर मी डेटनलाच कौल देईन. सगळ्यांत वरच्या खुर्चीवरूनही खेळ नीट दिसतो, आणि अख्खं गाव एकत्र बसेल अशी जागा गावाला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. इथे एवढी कमी माणसं मावतात, की मोठ्या सामन्याचं तिकीट कित्येकांना मिळत नसणार. हे सगळं खरं आहे. तरी मला इथून उठावंसं वाटत नाही.

शेवटची दोन मिनिटं उरलीत. फाऊल. तोच पोरगा फ्री थ्रोच्या रेषेवर येतो. मरून कपड्यांतली मुलं रिंगच्या मागे उभी राहून हात नाचवतायत, ओरडतायत, आणि त्यांत माझ्या लेकीचा आवाज मला स्पष्ट ओळखू येतो, कारण ती माझ्या कानातच ओरडतेय. पोरगा चेंडू तीनदा आपटतो, बोटांत फिरवून शिवण चाचपतो, श्वास सोडतो.

जाळी फक्त ‘सप्’ म्हणते.

सगळे एकदम गप्प होतात. त्या शांततेत माझे दोनच हात टाळ्या वाजवतायत, आणि तोंडून निघून जातं, “शाबास रे, शाबास!”

तो मान वळवतो. तिसऱ्या पायरीवरच्या लाल स्वेटरकडे क्षणभर बघतो आणि हनुवटी किंचित हलवतो.

“बाबा,” लेक माझा दंड धरून म्हणते, “त्याने तुला ऐकलं!”

पंच चेंडू पुन्हा त्याच्याकडे टाकतो. अजून एक फ्री थ्रो बाकी आहे.