रहस्यकथेतील अखेरची व्यक्ती

रहस्यकथा वाचताना वाचकाचा संशय आणि त्याची सहानुभूती या दोन वृत्ती सामान्यतः निरनिराळ्या पात्रांकडे वळतात. ॲगाथा ख्रिस्ती यांच्या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे ‘अँड देन देअर वेअर नन’ या नावाने रूढ झालेल्या कादंबरीत मात्र ही वाटणी टिकत नाही. डेव्हनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर दहा व्यक्ती एकत्र येतात व एका बालगीताच्या क्रमाने एकेक करून मरतात. बेटावर अकरावे कोणी नाही हे एकदा निश्चित झाले, की प्रत्येक मृत्यूबरोबर संशयितांची संख्या घटते आणि उरलेल्यांवरील संशय तितकाच गडद होतो. या हिशेबाने जो अखेरपर्यंत जगेल तोच खुनी ठरावयास हवा.

अखेर उरते ती व्हेरा क्लेथॉर्न. येथे वाचकाची खरी कोंडी होते. तिच्या मनातील भय त्याने आतून पाहिलेले असते. ती खुनी नाही, असे त्याला जवळजवळ खात्रीने वाटते. वस्तुतः ही खात्री फारशी भक्कम नाही, कारण लेखिकेने खुन्याच्याही मनात वाचकाला डोकावू दिले आहे, फक्त नेमके तेवढेच झाकून ठेवले आहे. मधल्या काही प्रकरणांत तर उरलेल्यांचे विचार कोणाचे ते न सांगताच दिले आहेत. शिवाय व्हेरा निर्दोष नाहीच. तिच्यावर सोपविलेल्या मुलाला तिने जाणूनबुजून समुद्रात दूरवर पोहत जाऊ दिले होते. तिची सुटका व्हावी असे वाटत असतानाच ती व्हावी का, हा प्रश्न वाचकास सोडीत नाही.

व्हेरा गळफास घेते, आणि हिशेब पूर्ण झाला असे वाटते. परंतु पोलिसांना एक क्षुल्लक वस्तू अडविते: तिने पायाखालून लोटलेली खुर्ची भिंतीशी नीट उभी करून ठेवलेली आढळते. म्हणजे तिच्यानंतरही कोणी जिवंत होते. बाटलीतून समुद्रात सोडलेला कबुलीजबाब सापडतो, तेव्हा कळते की डॉक्टरच्या साहाय्याने मेल्याचे सोंग केलेला न्यायाधीशच खरा ‘अखेरचा’ होता. वाचकाची मोजणी तेथेच चुकली होती. उरलेल्यांपैकी कोण, एवढेच तो विचारीत राहिला. मेलेल्यांच्या यादीकडे त्याने पुन्हा पाहिले नाही.

१९४३ च्या नाट्यरूपांतरात ख्रिस्ती यांनी स्वतःच हा शेवट बदलला. त्या बालगीताला परंपरेने दोन शेवट आहेत, एक गळफासाचा व दुसरा विवाहाचा. नाटकाने दुसरा घेतला. व्हेरा आणि लॉम्बार्ड दोघेही वाचतात. तथापि लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की त्यांना जगविण्यापूर्वी लेखिकेने दोघांनाही मूळच्या अपराधातून मुक्त केले आहे. कादंबरीतील व्हेराला, तिच्या अपराधासकट, रंगभूमीवर जिवंत ठेवणे तिला शक्य वाटले नसावे.