परदेशी नोकरी आणि इंग्रजीची परीक्षा : शुल्क भरण्यापूर्वी



परिचर्येच्या व्यवसायात शिरलेल्या आपल्या तरुण-तरुणींना आज ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया या देशांची ओढ वाटते. ही ओढ योग्य की अयोग्य, ही चर्चा आम्ही येथे करीत नाही. या वाटेवरील पहिल्याच दारापाशी, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेपाशी, अनेकांचा पैसा आणि उमेद दोन्ही खर्ची पडतात. त्यातले काही टाळता येईल काय, एवढ्यापुरताच आमचा विषय मर्यादित आहे.

समजा, जालना जिल्ह्यातील जाफ्राबाद तालुक्यातल्या टेंभुर्णी गावची एक मुलगी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकली आणि पुढे परिचारिका झाली. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. त्यामुळे तिला या भाषेची अक्षरओळख लहानपणीच झालेली असते. परिचर्येची पुस्तकेही तिने इंग्रजीतच वाचलेली असतात. रुग्णाच्या कागदांवरील नोंदी ती इंग्रजीत करते. मात्र वॉर्डात रुग्णाशी, नातेवाइकांशी आणि बहुधा डॉक्टरांशीही ती मराठीत किंवा हिंदीत बोलते. सलग दोन मिनिटे इंग्रजी बोलण्याचा प्रसंग तिच्यावर कधी आलेलाच नसतो. तिला इंग्रजी येत नाही असे म्हणणे चुकीचे आहे. तिला ते डोळ्यांनी येते, कानाला आणि जिभेला त्याची सवय नाही. तयारीची सुरुवात हा फरक ओळखण्यापासून व्हावी.

आयईएलटीएस या परीक्षेचे शुल्क सध्या अठरा हजार रुपयांच्या आसपास आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. म्हणजे एका बैठकीचे शुल्क हे हमीभावानेही जवळजवळ साडेतीन क्विंटल सोयाबीन झाले. बाजारात भाव त्याहून खाली गेला तर अधिकच. अशा घरातील मुलीने ‘एकदा देऊन तर पाहू’ असे म्हणून परीक्षेस बसणे आम्हाला पटत नाही. अंदाज घ्यायचा असेल तर केंब्रिजने प्रसिद्ध केलेल्या सराव परीक्षांचे पुस्तक आणावे, घड्याळ समोर ठेवावे आणि घरीच पूर्ण परीक्षा द्यावी. तेवढ्याने आपण कोठे उभे आहोत हे बरेचसे कळते.

आता कोणती परीक्षा द्यायची, हे पाहू. १९८९ मध्ये सुरू झालेल्या आयईएलटीएसचे दोन प्रकार आहेत : ॲकॅडेमिक आणि जनरल ट्रेनिंग. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला ॲकॅडेमिक लागते. वाचन, श्रवण आणि संभाषण यांत प्रत्येकी ७, तर लेखनात ६.५ गुण असावे लागतात. चुकीचा प्रकार नोंदविला तर शुल्क वाया जाते. दुसरा मार्ग ओईटी या परीक्षेचा. ती केवळ आरोग्यसेवेतील व्यक्तींसाठी आहे. तिच्यात लेखनासाठी एखाद्या रुग्णाविषयीचे पत्र लिहावे लागते आणि संभाषणात समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक होऊन बोलते. कौन्सिल तिच्यातही वाचन, श्रवण व संभाषणात बी आणि लेखनात सी प्लस ही श्रेणी मागते. तिचे शुल्क बरेच अधिक आहे. तरीही वॉर्डात पाच-सहा वर्षे काढलेल्या परिचारिकेला जागतिक तापमानवाढीवर निबंध लिहिण्यापेक्षा मधुमेहाच्या रुग्णाविषयी पत्र लिहिणे सोपे जाईल, असे आमचे मत आहे. दोन्हींचे नमुने पाहूनच निवड करावी.

वेळेचा हिशेब मात्र कोणी मोकळेपणाने सांगत नाही. भाषेच्या एका पातळीवरून वरच्या पातळीवर जाण्यास शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली साधारण दोनशे तास लागतात, असा केंब्रिजचा अंदाज आहे. आयईएलटीएसमधील ५ गुण आणि ७ गुण यांच्यात ढोबळमानाने अशा दोन पातळ्यांचे अंतर आहे. म्हणजे चारशे तास. रोज एक तास दिला तर वर्षाहून अधिक काळ, रोज दोन तास दिले तर सहा-सात महिने. ‘तीस दिवसांत हमखास सात’ अशा जाहिराती या हिशेबाशेजारी ठेवून वाचाव्यात. इंग्लंडमधून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. दोहोंमध्ये सदतीस वर्षे आहेत. आपल्या मुलीला पुराण रचावयाचे नाही हे खरे, पण परकी भाषा तोंडात रुळायला दिवस लागतात, हे तेव्हाही खरे होते.

श्रवणाच्या परीक्षेत चाळीस प्रश्न असतात आणि ध्वनिफीत एकदाच ऐकविली जाते. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन असे निरनिराळे उच्चार कानावर येतात. पहिल्या भागात बहुधा नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक अशा साध्या गोष्टी असतात, आणि आपली मुले गुण गमावतात ती नेमकी तेथे. ‘डबल थ्री’ ऐकून एकच तीन लिहितात किंवा स्पेलिंग चुकवितात. उत्तर बरोबर असूनही स्पेलिंग चुकले तर गुण मिळत नाही. यावर बीबीसीचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा विनामूल्य कार्यक्रम उपयुक्त आहे. तो एकदा नुसता ऐकावा, दुसऱ्यांदा थांबत थांबत ऐकून जे कानी पडेल ते लिहून काढावे आणि मग छापील मजकुराशी ताडून पाहावे. हे काम कंटाळवाणे आहे. दोन महिने नेटाने केल्यास कान तयार होतो.

वाचनात साठ मिनिटांत चाळीस प्रश्न सोडवायचे असतात. त्यांतील ‘खरे, खोटे की दिलेले नाही’ हा प्रश्नप्रकार चांगल्या-चांगल्यांना चकवितो. समजा, उताऱ्यात ‘जालन्याच्या बाजारात मोसंबी विक्रीस येते’ एवढेच आहे, आणि विधान आहे ‘जालन्याची मोसंबी सर्वांत गोड असते’. टेंभुर्णीची मुलगी छातीठोकपणे ‘खरे’ असे लिहील! उत्तर मात्र ‘दिलेले नाही’ हेच आहे. आपल्याला काय ठाऊक आहे हे येथे विचारलेले नसून उताऱ्यात काय आहे, एवढेच विचारले आहे. चुकलेल्या उत्तराला उणे गुण नाहीत. तेव्हा एकही जागा रिकामी ठेवू नये.

लेखन हा सर्वांत अवघड भाग, आणि कौन्सिलनेही २०१८ च्या अखेरीस लेखनाची अट ७ वरून ६.५ वर आणली, यावरून त्याची कल्पना यावी. एका तासात दोन लेख लिहायचे असतात : पहिला किमान १५० शब्दांचा, दुसरा किमान २५० शब्दांचा. दुसऱ्याला दुप्पट वजन असल्याने त्यासाठी चाळीस मिनिटे राखून ठेवावीत. आपल्या शाळांत निबंध सुभाषिताने सुरू करण्याची आणि भारदस्त शब्दांनी सजविण्याची रीत आहे. ती येथे उपयोगी पडत नाही. विचारलेल्या प्रश्नावर तुमचे मत काय, ते कशाच्या आधारे आणि एका विचारातून दुसरा कसा निघतो, हे परीक्षक पाहतो. तरुणांनी खेडी सोडून शहरात जावे काय, असा प्रश्न आला तर गावच्या आरोग्य उपकेंद्रात परिचारिका नसली की बाळंतिणीचे काय होते, हे लिहिणाऱ्या मुलीचा लेख पाठ केलेल्या निबंधापेक्षा नक्कीच सरस ठरेल. पाठांतर ओळखण्याचे प्रशिक्षण परीक्षकांना दिलेले असते. काही शिकवणी वर्ग तयार साचे पाठ करवून घेतात. आमच्या मते ते मुलांचे नुकसान करतात.

व्याकरणाच्या चुका मात्र आपल्या मातृभाषेतूनच येतात. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे नाहीत, म्हणून इंग्रजी लिहितानाही ती गळतात किंवा नको तेथे पडतात. ‘ही’ आणि ‘शी’ यांच्यापुढील क्रियापदाचा ‘एस’ राहून जातो. ‘डिस्कस अबाउट’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘कझिन ब्रदर’ ही तर आपल्या घरची नाणी आहेत, परदेशात ती चालत नाहीत. उपाय साधा आहे. रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरात केलेल्या कामावर दहा वाक्ये लिहावीत आणि ती तीनदा तपासावीत : एकदा केवळ उपपदांसाठी, एकदा काळासाठी, एकदा त्या ‘एस’साठी. आठवड्यातून एकदा ही वही इंग्रजी जाणणाऱ्या कोणास दाखवावी. परीक्षा आता बहुतांशी संगणकावर होते. मोबाइलवर वेगाने लिहिणारी बोटे कळफलकावर अडखळतात, म्हणून टंकलेखनाचा सराव वेगळा करावा.

संभाषणाची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची असते. मध्ये एक विषय देऊन एक मिनिट विचारास मिळते आणि मग एक ते दोन मिनिटे बोलावे लागते. आपली मराठी ढब असली म्हणून गुण कापले जात नाहीत. शब्द समजला नाही तर कापले जातात. ‘व्हिटॅमिन’ मधील ‘व्ह’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘वॉर्ड’ मधील ‘व’ म्हणताना ओठ गोल होतात. आपण लिहिताना हा भेद पाळतो, बोलताना विसरतो. दुसरे असे की, आपण प्रत्येक अक्षरावर सारखाच भर देतो, तर इंग्रजीत एका अक्षरावर भर देऊन बाकीची पुसट म्हणतात. दोन मैत्रिणींनी मिळून सराव करावा, एकीने विचारावे, दुसरीने बोलावे, आणि ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावे. आपल्या धर्मग्रामांतून इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या सिस्टर्स आणि निवृत्त शिक्षक आहेत. मिस्सानंतर अर्धा तास बसून ऐकण्याची विनंती त्यांना जरूर करावी. ते नाही म्हणणार नाहीत असा आम्हाला भरवसा आहे.

पैशाविषयी आणखी एक सावधगिरी सांगतो. गुण विकत मिळत नाहीत. ‘परीक्षेवाचून प्रमाणपत्र’ देऊ करणारा मनुष्य फसवीत आहे, हे निश्चित समजावे; बनावट प्रमाणपत्र उघडकीस आले की परदेशाची दारे दीर्घकाळ बंद होऊ शकतात. भारतात आयईएलटीएसचे संचालन २०२१ पासून आयडीपी ही एकच संस्था करते. नोंदणी आणि केंद्र तिच्याच संकेतस्थळावर पाहावे. परदेशी भरती करणारा दलाल नोंदणीकृत आहे किंवा नाही, हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. ब्रिटनच्या भरतीविषयक आचारसंहितेनुसार नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून शुल्क घेता येत नाही, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे. शिवाय २०२४ नंतर ब्रिटनमधील परदेशी परिचारिकांची भरती बरीच घटली आहे, आणि आयईएलटीएसचा निकाल सर्वसाधारणपणे दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो. म्हणून आधी जागांची चौकशी, मग परीक्षेची तारीख, असा क्रम असावा.

परीक्षेच्या दिवशी नोंदणीत दाखविलेला तोच मूळ पासपोर्ट जवळ हवा. छायाप्रत चालत नाही. टेंभुर्णीहून पहाटेच्या गाडीने निघून सकाळच्या परीक्षेस पोहोचण्याचा विचार करू नये, आदल्या दिवशीच केंद्राच्या गावी मुक्कामास जावे. निकालात एकाच भागात थोडे कमी पडले तर संगणकावरील परीक्षेनंतर साठ दिवसांच्या आत तेवढाच भाग पुन्हा देण्याची सोय आता आहे. तथापि सर्वच संस्था असा निकाल स्वीकारीत नाहीत, तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी त्या संस्थेस लेखी विचारून घ्यावे.