वर्ष सरताना

मैत्रिणींनो, 31 डिसेंबरच्या रात्री आम्ही चर्चमध्ये उपकारस्तुतीला जमतो. बारा वाजेपर्यंत एकेकजण उठून साक्ष देतो. पण ज्या घरातलं माणूस यंदा गेलं, तिथल्या बाईनं काय म्हणावं? आम्हांला वाटतं, तिनं खुशाल रडावं. स्तोत्रांतही देवाकडे तक्रार आहेच, आणि तीही प्रेमापोटी. परक्यावर कोण रुसतं?

विश्वास म्हणजे हातावर हात ठेवून बसणंही नव्हे. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या. त्यांच्या भाकरीसाठी त्या प्रार्थना करत, आणि पाण्यासाठी विहिरीही खणून घेत.

यंदा साक्ष देताना शब्द सुचले नाहीत, तर नुसतं उभं राहा. शेजारणीनं हात धरावा.