आजीचा चेहरा अंधारात का जातो?

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांकडून लग्नाचे, बारशाचे, गणेशोत्सवाचे चित्रण मॉरिशसला येते. घरचे सारे गोळा होऊन ते पाहतात. पाहतात तो काय, खिडकीपाशी बसलेल्या आजीची साडी ओळखू येते, पण चेहऱ्याची नुसती सावली! आजी काही पुन्हा पुन्हा तेवढा प्रवास करणार नाही. म्हणून कॅमेऱ्यात प्रकाश किती घ्यावा, हे घरातील एकाने तरी शिकून घेतले पाहिजे.

ही विद्या आपल्या लोकांना नवी नाही. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्सकडून कॅमेरा मागवला आणि 1899 साली मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. ती फिल्म धुण्यासाठी इंग्लंडला पाठवावी लागली. प्रकाश बरोबर पडला की नाही, हे ती धुऊन झाल्यावरच कळायचे. 1912 साली दादासाहेब फाळके स्वतः लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. तो कॅमेरा हाताने फिरवायचा. हात मंदावला की प्रत्येक चित्रावर जास्त प्रकाश पडे, भरभर फिरला की कमी. प्रकाशाचा हिशेब मनगटातच होता!

आजच्या व्हिडिओ कॅमेऱ्यात प्रकाशाचे तीन नळ आहेत. पहिला भिंगाचे छिद्र, दुसरा शटर, तिसरा गेन. गेनने चित्र उजळते, पण दाणेदार होते. म्हणून तो शेवटी वापरावा. इंग्लंडमध्ये, आपल्याप्रमाणेच, वीज 50 आवर्तनांची आहे. त्यामुळे सेकंदाला 25 चित्रे व शटर 1/50 ठेवावे. 30 चित्रे व 1/60 ठेवल्यास काही दिव्यांखाली चित्र लुकलुकते.

मग चेहरा काळा का पडतो? स्वयंचलित कॅमेरा साऱ्या दृश्याची सरासरी काढतो. मागे उजळ खिडकी किंवा बर्फ असला की त्याला वाटते, प्रकाश फार झाला. तो छिद्र बारीक करतो. उलट, काळोख्या सभागृहात दिव्याखाली उभ्या नवरीचा चेहरा तो पांढराफटक करतो. त्यातून इंग्लंडचा सूर्य वेगळा. डिसेंबरमध्ये भर दुपारी तो लंडनला क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर असतो. आपल्याकडे त्याच दिवसांत तो जवळजवळ डोक्यावर येतो. म्हणून तेथे ऊन आडवे, थेट खिडकीतून येते.

उपाय सोपा आहे. प्रथम आजीला खिडकीकडे तोंड करून बसवावे. ते जमत नसेल, तर कॅमेरा जवळ नेऊन चौकट चेहऱ्याने भरावी, प्रकाश ठरवून कुलूपबंद करावा आणि मग मागे यावे. खिडकी थोडी जास्त उजळली तरी चालेल; चित्रण आजीचे आहे, खिडकीचे नाही. ढग आले-गेले की पुन्हा मोजावे.

कॅमेऱ्यात झेब्रा पट्टे असतील तर ते अति उजळ जागा दाखवतात. गोऱ्या चेहऱ्याच्या उजळ भागावर 70 टक्क्यांना पट्टे दिसावेत, असा जुना दंडक आहे. तो आपल्या सावळ्या वर्णाला लावू नये. नाहीतर चेहऱ्याचा खरा रंग उडतो. आपल्याला 50 ते 60 पुरे. 100 टक्क्यांचे पट्टे चेहऱ्यावर मात्र कधीच नकोत. तेथील तपशील जळून गेला की पुन्हा मिळत नाही.

समारंभाच्या आधी घरच्या खिडकीपाशी कोणाला तरी बसवून दहा मिनिटे हा सराव अवश्य करावा.