तांब्याची पट्टी किती रुंद असावी?

वीज गेल्यावरही अभ्यासिकेतील दिवे चालू राहावेत, म्हणून आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी घाटकोपरला एका मित्राच्या घरी बसून बॅटरीवरील दिव्यांचा नियंत्रक तयार केला होता. बॅटरी १२ व्होल्टची, दिवे १२० वॅटचे; म्हणजे प्रवाह १० अँपिअर. चाचणीतच जळका वास सुटला, पीसीबी काळवंडली आणि तांब्याचा ट्रॅक उखडून वर आला. दोष सर्वस्वी आमचा होता. मुले त्या दिव्यांखाली बसण्यापूर्वी तो उघड झाला, हे बरे झाले.

पीसीबीवरील ट्रॅक म्हणजे वस्तुतः तारच. मात्र चपटी आणि अत्यंत पातळ. सर्वसाधारण पीसीबीवर तांब्याचा थर अवघा ३५ मायक्रॉनचा असतो. आमचा ट्रॅक १ मिलिमीटर रुंद व १० सेंटिमीटर लांब होता. त्याचा रोध जेमतेम ०.०५ ओहम, म्हणून आम्ही तो हिशेबातच धरला नाही. परंतु उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्या इवल्याशा पट्टीत सुमारे ५ वॅट उष्णता साठत होती.

आयपीसी २२२१ या मानकातील सूत्रानुसार, तापमान १० अंशांहून अधिक वाढू द्यायचे नसेल, तर १० अँपिअरसाठी पृष्ठभागावरील ट्रॅक सुमारे ७.२ मिलिमीटर रुंद हवा. तोच ट्रॅक पीसीबीच्या आतील थरात असेल, तर जवळजवळ १९ मिलिमीटर! ट्रॅकवर सोल्डर चढविण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. पण सोल्डरचा रोध तांब्याच्या सुमारे आठपट असतो. त्यापेक्षा ट्रॅकवर तांब्याची जाड तार डाखणे कितीतरी उपयुक्त.

दुसरा मार्ग आपल्या लोकलने दाखविला आहे. १९२५ साली मुंबईत विजेची गाडी १५०० व्होल्टवर धावली. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गाने २०१२ साली २५,००० व्होल्ट पूर्णपणे स्वीकारले. दाब वाढला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो. आम्हीही दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या, दिवे २४ व्होल्टचे घेतले. प्रवाह ५ अँपिअरवर आला.

त्यासाठी २.८ मिलिमीटरचा ट्रॅक पुरला असता. आम्ही ५ मिलिमीटर ठेवला, कारण बॅटरीलगतचा फ्यूज ७.५ अँपिअरचा आहे. फ्यूज जेवढा प्रवाह वाहू देतो, तेवढा ट्रॅकने सोसलाच पाहिजे. अन्यथा ट्रॅकच फ्यूज होतो.

नवा नियंत्रक पूर्ण भारावर दोन तास चालविला. ट्रॅक कोमट होता. गरम लागला तो एक स्क्रू टर्मिनल. स्क्रू सैल राहिला होता.