ॲक्सिलरेटर दिला की पिकअप आवाज करते? आधी कान लावा, मग खिशात हात घाला



भाजीपाला असो, फर्निचर असो की मंडपाचं सामान, तुमची पिकअप चालली तरच धंदा चालतो. म्हणून आज आवाजाकडे धंद्याच्या नजरेने बघू.

समजा, खर्च वजा जाता गाडी दिवसाला १,२०० रुपये सोडते. गॅरेजला ४ दिवस उभी राहिली की ४,८०० गेले. हप्ता काही थांबत नाही. आणि बांधलेलं गिऱ्हाईक त्या ४ दिवसांत दुसरी गाडी शोधतं, ते नुकसान तर बिलात दिसतच नाही.

मेकॅनिकला नुसतं "काहीतरी आवाज येतोय" म्हणालात, तर तो अंदाजाने पार्ट बदलत जाणार. प्रत्येक अंदाजाचा खर्च तुमचा. त्याऐवजी आवाज कधी येतो, हे तुम्ही शोधून जा. गाडी खोलायची गरज नाही. मागची चाकं ओढणाऱ्या डिझेल पिकअपसाठी या ३ चाचण्या पुरतात.

चाचणी १ : गाडी उभी
सपाट जागा, हँडब्रेक, न्यूट्रल. रेस हळूहळू वाढवा आणि दुसऱ्या माणसाला बाहेरून ऐकायला सांगा. हात आणि कपडे फॅन-बेल्टपासून लांब ठेवायचे. आवाज आला, तर दोष बहुतेक इंजिनाच्या बाजूला आहे: बेल्ट, सायलेन्सर, फाउंडेशन. आला किंवा नाही आला, तरी पुढच्या चाचण्याही करा.

चाचणी २ : क्लच
इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये. क्लच पूर्ण दाबा. दाबल्यावर आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्या. दाबल्यावर बंद झाला, तर गिअरबॉक्सचं बेअरिंग तपासायला सांगा.

चाचणी ३ : चालती गाडी
मोकळा, सपाट रस्ता घ्या. वेग वाढवा, मग ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. आवाज फक्त ओढताना येतो, की पाय काढल्यावरही तसाच राहतो? ओढतानाच येत असेल, तर डिफरन्शियल किंवा शाफ्टकडे बघा. वेगाप्रमाणे कमी-जास्त होत दोन्ही वेळा येत असेल, तर चाकाचं बेअरिंग किंवा टायर. हे घाटात किंवा भर रहदारीत करू नका.

आता आवाज ओळखा

- चीं-चीं: बेल्ट सैल, झिजलेला किंवा त्यावर तेल सांडलेलं. बहुतेक वेळा स्वस्तातलं काम.
- फट-फट, फुस-फुस: सायलेन्सर किंवा मॅनिफोल्डचं गॅस्केट लीक. इंजिन थंड असताना सांध्यावर काजळीचा काळा डाग दिसतो का बघा. हा धूर केबिनमध्ये आला तर जिवावर बेतू शकतं, म्हणून "नुसता आवाज आहे" म्हणून सोडू नका.
- जोरात सूंऽऽ, गाडी ओढत नाही, काळा धूर: टर्बो आणि इंटरकूलरचा पाइप फाटलेला किंवा क्लॅम्प निघालेला असू शकतो. लोड असतानाच जास्त कळतो. टर्बो बदलण्याआधी पाइप बघायला सांगा. दोन्हींच्या खर्चात फार मोठा फरक आहे.
- गाडी उचलताना "टक्": प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजलेला. वेळच्या वेळी ग्रीस मारलं असतं तर अजून टिकला असता. शाफ्ट सुटून रस्त्यावर पडू शकतो, तेव्हा लोड घेऊन लांब जाऊ नका.
- गाडी उचलताना थडथड: सेंटर बेअरिंग किंवा इंजिन ज्या रबरावर बसतं ते फाउंडेशन.
- मागून घूंऽऽ: डिफरन्शियल. आधी ऑइलची लेव्हल आणि लीक बघा. ऑइल कमी असताना गाडी पळवत राहिलात, तर क्राऊन-पिनियनच बदलायची वेळ येते.

इथे मात्र लगेच थांबा
इंजिनातून जड ठक-ठक येत असेल किंवा ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला असेल, तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. "एवढी खेप टाकतो आणि बघतो" असं म्हणू नका. एका खेपेच्या भाड्यात इंजिनचं काम होत नाही.

गॅरेजला जाताना

१. तिन्ही चाचण्यांचा निकाल वहीत लिहा: आवाज कुठल्या गिअरला, लोड असताना की रिकामी असताना. मोबाइलवर रेकॉर्डही करा.
२. मेकॅनिकला शेजारी बसवून एक चक्कर मारा. गाडी खोलायचं त्यानंतर ठरवा.
३. क्रम स्वस्ताकडून महागाकडे: ऑइल, ग्रीस, नट-बोल्ट, बेल्ट, पाइप, रबर. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल खोलणं सगळ्यात शेवटी.
४. अंदाजपत्रक लिहून घ्या, जुना पार्ट परत मागा. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, हा व्यवहार आहे.
५. गाडीखाली बघायचं असेल तर इंजिन बंद, चाकाला ठोकळा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच शिरायचं नाही.

आणि हो, गाडी क्षमतेपेक्षा जास्त भरत असाल तर वरचे सगळे पार्ट लवकर जातील. जादा मालाचं भाडं हातात येतं खरं, पण तेच पुढे गॅरेजला द्यावं लागतं.

या रविवारी अर्धा तास काढा आणि गाडी ठीक असतानाच या ३ चाचण्या करून बघा. चांगल्या गाडीचा आवाज कानात बसला, की बिघडलेला आवाज पहिल्याच दिवशी कळतो. आणि पहिल्या दिवशी कळलेलं काम बहुतेक वेळा दिवसात उरकतं.