रिपोर्ट नॉर्मल, पण आबांची एसटी चुकली

ज्यांना हा एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिखित रूप. बोलताना घेतलेले श्वास आणि मधला कुकरच्या शिट्टीचा आवाज तेवढा काढून टाकलाय.

आजचा विषय म्हातारपण. थांबा, स्किप करू नका. आपल्या म्हातारपणाला अजून वेळ आहे, पण दर रविवारी आपण ज्यांना फोनवर “जेवलात का, गोळी घेतली का” विचारतो, त्यांच्याबद्दल हे आहे.

आबांनी अंबडला जाणं बंद केलं

माझे आबा ७७ वर्षांचे. गाव अंबड तालुक्यात. बाजाराच्या दिवशी एसटीनं अंबडला जायचं, मत्स्योदरी देवीला हात जोडायचे, मोसंबीवाल्या दोस्तांबरोबर चहा घेत भावावर चर्चा करायची आणि संध्याकाळी परत. हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम.

मागच्या दिवाळीनंतर तो बंद पडला. फोनवर विचारलं की म्हणायचे, “कशाला उगाच? घरीच बरं हाय.” खरं सांगतो, मी खूश झालो. चला, आता तरी आराम करतील! एकदा सगळ्या तपासण्याही करून घेतल्या. शुगर ठीक, बीपी ठीक. रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी अंगठे दिले. विषय संपला.

मग सुट्टीत घरी गेलो. आई म्हणाली, “आबा आता पारावरपण जात नाहीत. दिवसा झोपतात आणि रात्री जागतात.” रात्री ओट्यावर बसलो असताना खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठं कळलं. अंबडच्या स्टँडवर ते चुकीच्या गाडीत बसले होते. घनसावंगीकडं निघाले, मध्येच उतरले आणि परतीच्या गाडीची वाट बघत रस्त्यावर थांबले.

“बोर्डच दिसंना रे. पोराला विचारलं तर तो काय म्हणला ते ऐकू येईना. दोनदा विचारलं तर हसला. पुन्हा कशाला जायचं मंग?”

तेवढंच. माणूस घरात बसला होता तो थकल्यामुळं नाही, लाजेमुळं.

डॅशबोर्ड हिरवं, पण लॉगिन होत नाही

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडं कधीकधी असं होतं की सर्व्हर चालू असतो, डॅशबोर्डवर सगळं हिरवं दिसतं, आणि तरी युजरला लॉगिन करता येत नाही. मग त्या हिरव्या रंगाला काय अर्थ? आबांच्या बाबतीत मी हेच केलं. रिपोर्ट बघितला, माणूस बघितला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ च्या अहवालात नेमकी ही गोष्ट मांडली. चांगलं म्हातारपण म्हणजे एकही आजार नसणं, असं ते म्हणत नाहीत. माणसाला जे मोलाचं वाटतं ते त्याला करता येतंय का, हा त्यांचा प्रश्न आहे. त्यात पाच गोष्टी येतात: रोजच्या गरजा भागवणं, शिकणं आणि स्वतःचे निर्णय स्वतः घेणं, हिंडणं-फिरणं, नाती जपणं आणि इतरांच्या उपयोगी पडणं. आबांची अंबडवारी बघा. एका फेरीत यातल्या जवळपास सगळ्या गोष्टी होत होत्या! आणि आम्ही तिला “उगाच दगदग” म्हणत होतो.

हे जमायला दोन बाजू लागतात. एक, माणसाच्या अंगातली क्षमता: डोळे, कान, पाय, डोकं, मन, खाणंपिणं. दुसरी, बाहेरची परिस्थिती: रस्ता, गाडी, पैसा, सोबतची माणसं. आता गंमत बघा. २६ ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. म्हणजे बाहेरची बाजू सरकारनं बरीच सोपी केली. पण गाडीचा बोर्डच वाचता येत नसेल तर फुकट तिकिटाचं करायचं काय? उलटंही खरं. नजर चांगली आहे पण गावात गाडीच येत नाही, तरी माणूस घरातच. दोन्ही बाजू लागतात.

“तुम्ही बसा” हे प्रेम महागात पडतं

आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाच्या हातातून काम काढून घेणं म्हणजे संस्कार. “आजी, राहू द्या, मी करते.” “आबा, तुम्ही बसा.” भावना चांगली आहे, पण शरीराचा हिशेब वेगळा चालतो. २००७ मध्ये अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला. वय झालेल्या पण धडधाकट १२ लोकांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं साधारण एक किलो मांस झडलं. दहाच दिवसांत!

उलट बाजूचा पुरावाही आहे. १९९० मध्ये बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा लोकांकडून आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. प्रयोग लहान होता, पण “आता या वयात काय होणार” हे वाक्य तरी आपण बंद करू शकतो.

म्हणून गुडघे दुखत असतील तर डॉक्टरांना विचारून झेपेल तेवढं चालू ठेवायचं. आजीला भाजी निवडू द्या, दुकानात जाऊ द्या, पैशांचा हिशेब करू द्या. वेळ लागेल. लागू द्या.

घरी गेल्यावर हे बघा

याच संघटनेची घरीही विचारता येईल अशी साधी तपासणी आहे. त्यातल्या काही गोष्टी:

- हाताचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला सांगा. १४ सेकंदांत जमलं तर पाय ठीक आहेत. तुम्ही शेजारी उभे राहा, पडायला नको.
- तीन साधे शब्द सांगा, थोड्या वेळानं विचारा. आठवतात का?
- गेल्या तीन महिन्यांत, प्रयत्न न करता, तीन किलोपेक्षा जास्त वजन उतरलंय का?
- लांबचं किंवा जवळचं दिसायला त्रास होतो का? मागून हळू बोललेलं ऐकू येतं का?
- गेल्या दोन आठवड्यांत मन उदास आहे का, कशातच रस वाटत नाही असं होतं का?

एखाद्या ठिकाणी अडलं म्हणजे लगेच मोठा आजार आहे असं नाही. डॉक्टरांकडं जायचं निमित्त मिळालं, एवढंच. आणि माझा स्वतःचा एक प्रश्न जोडतो: “आधी कुठं जायचात, जिथं आता जात नाही?” आमच्या घरात खरं उत्तर याच प्रश्नानं दिलं.

माहितीसाठी: मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात मोफत होते, आणि जालन्याचं श्री गणपती नेत्रालय तर मराठवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा गोष्टींसाठी २०२४ मध्ये राज्यानं मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षांवरच्या पात्र लोकांना एकदा ३,००० रुपये मिळतात. आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, आजच सेव्ह करून ठेवा.

मग आबांचं काय झालं?

मोतीबिंदू निघाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. कानाचं अजून जमलेलं नाही. यंत्र घेतलंय, पण “डोक्यात भुंगा फिरतो” म्हणून ते खिशात असतं. एसटीची पायरी उंच आहे, ती काही मी कमी करू शकत नाही. शेजारचा एक मुलगा कॉलेजला त्याच गाडीनं जातो, तो हात देतो.

मागच्या बाजाराच्या दिवशी मी फोन केला तर उचलला नाही. तीनदा केला, घाबरलो. संध्याकाळी त्यांचाच फोन आला: “अरे अंबडला होतो, गाडीत ऐकू नाही आलं. मोसंबीचा भाव पडलाय बघ.”

एवढं चिडायला कधीच बरं वाटलं नव्हतं.

या रविवारी घरी फोन कराल तेव्हा गोळीच्या आधी विचारा, “या आठवड्यात कुठं जाऊन आलात?” उत्तर “कुठंच नाही” आलं, तर पुढचा प्रश्न “का” असू द्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!